युनियाच्या कानातला माणूस

माझी सासू जवळजवळ वर्षभर एका परक्या पुरुषाचा आवाज कानात घालून वावरत होती. चटई विणताना, केळी सोलताना, अंथरुणावर पडताना, इतकंच काय, अंघोळीला जातानाही. तो पुरुष कोण हे कळलं, त्या दिवशी आमच्या ओसरीवर जे घडलं त्याच्या धक्क्यातून मी अजून पुरती सावरलेली नाही. गावातले लोक म्हणतात, हे सगळं त्या बुकिर्वामुळे झालं, तिनेच म्हातारीला फोन दिला. बुकिर्वा म्हणजे मी. म्हणोत बापडे. फोन मी दिला हे खरं, पण जगातल्या एवढ्या आवाजांतून नेमका तोच आवाज निघेल हे मला काय स्वप्न पडलं होतं?

सासूचं नाव युनिया नाबाटांझी. लुकायाच्या पुढे, दलदलीच्या कडेने आत वळलं की आमचं गाव, आणि गावात शिरताना पहिलंच घर आमचं. ओसरीवर पाय पसरून, शिंदीच्या रंगवलेल्या पात्यांचा भारा शेजारी घेऊन जी बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकत असते ती तीच. पात्यांच्या लांब पट्ट्या विणायच्या आणि मग त्या पट्ट्या शेजारी शेजारी शिवून चटई करायची, हे ती परकर-पोलक्याच्या वयाची असताना आत्याकडून शिकली. मसाक्यापासून कंपालापर्यंत लग्नघरांत तिच्या चटया अंथरल्या गेल्या आहेत. तिच्या चटईत चूक सापडत नाही. एकदाच झाली, आणि ती नेमकी तिच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या चटईत: एक लाल पट्टी उलटी शिवली गेली. पाहुणे दारात आले तेव्हा तिच्या लक्षात आलं. त्या पट्टीवरून ती अजून स्वतःला शिव्या घालते.

तिला दोन मुलं. मोठा कासुले, माझा नवरा, म्बाराराला लॉरी नेतो-आणतो. धाकटी नामुली, जी लग्न होऊन कंपालाला गेली. सासरे सायकली दुरुस्त करायचे आणि दिवसभर बडबडायचे. ते गेले आणि घर एकदम गप्प झालं. युनियाला गप्प घर सोसत नाही. ती कोंबड्यांशी बोलायला लागली, मग चुलीशी, मग मेलेल्या नवऱ्याशी. रेडिओ होता, पण त्यावर आता सगळी पोरं किंचाळतात आणि गाद्या विकतात, असं तिचं म्हणणं. शेवटी मी माझा जुना फोन पुसूनपासून तिच्या हातात दिला.

"आई, यावर पॉडकास्ट ऐकता येतात," मी म्हटलं.

"म्हणजे रेडिओच ना?"

"रेडिओ नव्हे. रेडिओ त्याच्या वेळेला बोलतो, तुम्ही असा नाहीतर नसा. हा तुमची वाट बघतो."

"वाट बघतो? कामधंदा नाही त्याला?"

"अहो, तो आधीच बोलून ठेवून गेलेला असतो."

"अगंबाई! मेला?"

"मेला कशाला! बोलला, साठवून ठेवलं, आणि आपापल्या घरी गेला. आपण आपल्या सवडीने ऐकायचं. हे दाबलं की बोलतो, हे दाबलं की थांबतो. पुढचं ऐकायचं नसेल तर असं सरकवायचं, मागचं पुन्हा ऐकायचं तर असं."

ती माझ्याकडे आ वासून बघत राहिली. "म्हणजे पुरुष माणूस, बोट लावलं की गप्प बसतो?"

"बसतो."

"मला हे लग्नाआधी का नाही कुणी दिलं?"

घरात सिग्नल येत नाही, तो फक्त वरच्या फणसाखाली येतो. म्हणून मी तिला शिकवलं, फणसाखाली उभं राहून भाग उतरवून घ्यायचे, मग घरी येऊन डेटा न जाळता खुशाल ऐकायचे. एकदा का कार्यक्रमाच्या चित्रासमोरची खूण दाबून ठेवली की नवा भाग आला की फोन स्वतःहून सांगतो. हे तिला फार आवडलं. "सोन्यासारखा माणूस, येताना सांगून येतो," म्हणाली. पण थांबवायचं तिला बरेच दिवस जमत नव्हतं मनापासून. कुणी आलं की ती बटण दाबायची आणि फोनला म्हणायची, "थांब हं बाबा, पाहुणे आलेत." आणि पाहुण्यांचं लांबलं तर तिचा जीव खालीवर व्हायचा, की तो बिचारा तिकडे ताटकळला असेल. एकदा तिचा अंगठा कुठेतरी भलतीकडे लागला आणि बोलण्याचा वेग दुप्पट झाला. ती घाबरीघुबरी माझ्याकडे धावत आली. "सूनबाई, आज याला झालंय काय? बायको अडली आहे की काय त्याची? एका दमात बोलतोय!"

कार्यक्रम मी निवडला तो असाच. आमच्या लुगांडा भाषेतला हवा होता, चित्रावर चूल दिसली, नाव होतं 'चुलीमागून'. मी स्वतः त्याचा एकही भाग धड ऐकला नव्हता. मला चटई विणायची नसते, मला चार घरची शिवणं असतात आणि मशीनच्या खडखडाटात कान मोकळे नसतात.

तो बोलणारा स्वतःचं नाव सांगायचा नाही. फक्त 'म्वोगेझी' म्हणवून घ्यायचा. आमच्याकडे क्वांजुला होतो, म्हणजे मुलगा मुलीच्या घरी पहिल्यांदा रीतीने येतो, तेव्हा नवरामुलगा तोंडातून ब्र काढत नाही. भाड्याने आणलेला एक वाचाळ माणूस त्याच्या वतीने बोलतो, तोच म्वोगेझी. हा म्हणायचा, "माझ्या क्वांजुलात माझ्या वतीने दुसराच बोलला, मी मुंडी खाली घालून बसलो. तेव्हाचं साठलेलं आता बोलतो." युनियाला हे ऐकून इतकं हसू आलं होतं की तिने तोंडावर हात ठेवला. ती हसताना नेहमी तोंडावर हात ठेवते, कारण सासरे गेल्यावर तिचा पुढचा दात पडलाय. फोटोलाही ती त्यामुळेच उभी राहत नाही.

तो बोलायचा घरगुतीच. नवराबायको कशावरून भांडतात, माटोके, म्हणजे हिरवी केळी, वाफवताना केळीची पानं कशी दुमडली की पाणी आत शिरत नाही, शेजाऱ्याची बकरी आपल्या शेतात आली तर आधी हसायचं की आधी ओरडायचं. पण आवाज मोठा गोड, सावकाश, आणि मधूनच हसू दाबल्यासारखा. महिन्याभरात युनिया त्याच्याशिवाय बोलेना. "माझा माणूस म्हणतो, भुईमूग आधी भाजून कुटावा." "माझा माणूस म्हणतो, बायकोला चारचौघांत टाकून बोलू नये."

शेजारची एदिसा, जिला दुसऱ्याच्या घरातलं सगळं कळायला हवं असतं, ती डोळे बारीक करून विचारायची, "कोण गं हा तुझा माणूस? या वयात?"

"माझ्या कानात राहतो," युनिया म्हणायची. "भाडंही मागत नाही."

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मलाच वेडी म्हणाल.

पहिली गोष्ट जावयाची. आमच्याकडे सासू आणि जावई एका खोलीत बसत नाहीत, एका भांड्यातलं खात नाहीत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. जावई आला की सासू आतल्या खोलीत. तो दाराबाहेर गुडघे टेकून, मातीकडे बघत काहीतरी पुटपुटणार, ती पडद्याआडून 'हं' म्हणणार, झाली भेट. हे मोडलं तर ओबुको लागतो: हात थरथरायला लागतात आणि मग थांबत नाहीत. तुम्ही शिकलेले असाल तर हसाल. चटई विणणाऱ्या बाईला हसू येत नाही. नामुलीचा नवरा मुकीबी लग्नानंतर किती वेळा आला असेल, पण युनियाने त्याचा धड चेहरा पाहिला नव्हता आणि त्याचं एक सबंध वाक्य ऐकलं नव्हतं. मी स्वतः त्याला पाहिलं ते सासऱ्यांच्या मातीला, रडणाऱ्या गर्दीत.

दुसरी गोष्ट नामुलीची, आणि तीच युनियाच्या काळजातली ठसठस. सासरे गेले त्यानंतर थोड्याच दिवसांत नामुलीने फोनवर बोलणं बंद केलं. एकदम बंद. फोन वाजत राहायचा, उचलायची नाही. मग मेसेज यायचा: 'बरी आहे आई, कामात होते.' युनियाला वाचता येत नाही, मी वाचून दाखवायची. ती विचारायची, "हे तीच लिहिते कशावरून?" मी काय सांगणार? कासुलेला एकदा वाकडी वाट करून तिच्या घरी पाठवलं. हा लॉरी रस्त्यात उभी करून गेला, चहा पिऊन आला. "बरी आहे. हसली. चहात साखर जास्त होती."

"बोलली काय?" युनियाने विचारलं.

"तसं काही नाही. जावईच बोलत होते सगळं."

पुरुषांना काय दिसतं ते देवालाच ठाऊक. पण त्या दिवसापासून युनियाच्या डोक्यात एकच: जावयाने माझ्या पोरीचं तोंड बांधलंय. मारतोय, कोंडतोय, की पोरगी जिवंतच नाही आणि हा मेसेज लिहीत बसलाय. तिकडे जायची सोय नाही, जावयाच्या घरात सासूने पाऊल टाकायचं कसं? त्याला विचारायची सोय नाही. ती विणता विणता मध्येच थांबायची आणि नुसती रस्त्याकडे बघत बसायची.

मग एकदा म्वोगेझी म्हणाला, ऐकणाऱ्यांनी आपलं गाऱ्हाणं आवाजात रेकॉर्ड करून पाठवावं, मी ते सगळ्यांना ऐकवीन आणि मला सुचेल ते उत्तर देईन. युनियाने इअरफोन कानातून उपटला. "सूनबाई! हा ऐकतोसुद्धा?"

"एरवी ऐकत नाही. पण आता म्हणतोय ना, पाठवा म्हणून."

"मग दाब ते, काय दाबायचं ते."

मी फोन तिच्या तोंडासमोर धरला, आणि ती जे बोलली ते ऐकून माझीच बोबडी वळली.

"ऐक रे म्वोगेझी. मी चटया विणते. नाव सांगत नाही, सून म्हणते सांगू नका. तू लोकांच्या नवऱ्यांना शहाणपण शिकवतोस ना, मग माझ्या जावयाला शिकव. माझी एकच पोर. दोन वर्षं झाली, तिचा आवाज नाही माझ्या कानावर. मेसेज येतात. मेसेज काय, कुणीही लिहील! बकरीला बोटं असती तर तिनेही लिहिला असता. मुलाला पाठवलं, तर म्हणतो, बोलला सगळा जावईच. का? तिची जीभ कापली का त्यानं? लग्नात एवढी मोठी चटई दिली, तिच्यात लाल पट्टी उलटी शिवली गेली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. माझी पोर जिवंत आहे का, एवढंच त्याला विचार. मला विचारता येत नाही. तू पुरुष आहेस, तुझं ऐकेल."

मी फणसाखाली जाऊन ते पाठवलं.

नवा भाग फणसाखालून उतरवून आणला तो भर दुपारी. म्वोगेझी सुरुवातीलाच म्हणाला की आज एका चटईवाल्या आईचं गाऱ्हाणं आहे. युनियाने फोन तिथेच थांबवला आणि एदिसाला हाक मारली. आपला आवाज सगळ्या देशात जाणार, तर तो एदिसाने ऐकायलाच हवा. तिघींना ऐकू यावं म्हणून इअरफोन काढला आणि फोन रिकाम्या पातेल्यात उभा ठेवला, त्याने आवाज मोठा येतो. आम्ही तिघी पातेल्याभोवती बसलो.

स्वतःचा आवाज ऐकून युनियाला पहिला धक्का बसला. "ही कोण म्हातारी? कसली कर्कश्श आहे!"

"तूच गं," एदिसा म्हणाली. "आम्ही रोज ऐकतो."

बकरीचं वाक्य आलं तेव्हा एदिसा खो खो हसली. मग आवाज संपला आणि पातेलं गप्प झालं. इतका वेळ गप्प, की युनियाने फोन उचलून हलवला. "बंद पडला का?"

"नाही आई, चालू आहे. तोच गप्प आहे."

मग तो बोलला. पण आवाज निराळाच होता. हसू नव्हतं, खूप खालून आल्यासारखा होता. "मी आत्ता गुडघे टेकून बसलोय," तो म्हणाला. "माझ्या गुडघ्यांखाली एक चटई आहे. तिच्या कडेपासून तिसरी पट्टी लाल आहे, आणि ती उलटी शिवली आहे. माझं बोट आत्ता तिच्यावर आहे. आई, तुम्ही ज्याच्याबद्दल विचारलंत, तो मीच."

मी शपथेवर सांगते, पहिल्यांदा कुणालाच काही कळलं नाही. एदिसाचं तोंड उघडं ते उघडंच. मग युनिया एवढ्या जोरात किंचाळली की कोंबड्या पांगल्या. "झाकण! झाकण घाल!"

मी पातेल्यावर झाकण आपटलं. फोन बंद करायचं बोटाला सुचलंच नाही. आणि जावई झाकणाखाली पुटपुटत राहिला, अगदी तो दाराबाहेर पुटपुटतो तसाच. युनिया गोमेसीचा, म्हणजे अंगातल्या पायघोळ झग्याचा, घोळ डोक्यावरून ओढून भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"जावई!" एदिसाला एकदाचा कंठ फुटला. "वर्षभर कानात! अंथरुणात! अगं, अंघोळीलासुद्धा नेलास तू त्याला!"

"एदिसा, तोंड आवर," मी ओरडले, आणि झाकण उचलून एकदाचा तो फोन थांबवला.

युनियाने त्या घोळाआडून दोन्ही हात बाहेर काढले आणि समोर धरले. ते थरथरत होते. बोटं, मनगटं, सगळं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "लागला," ती म्हणाली. "ओबुको लागला मला. संपलं माझं विणणं."

"आई, माझेही थरथरतायत," मी हात पुढे केले. "मी काय त्याची सासू आहे? हा धक्का आहे, दुसरं काही नाही."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. पटलं की नाही कोण जाणे. पण मग तिला दुसरी गोष्ट आठवली, आणि ती माझ्याही त्याच क्षणी लक्षात आली. त्याने अजून उत्तर दिलंच नव्हतं. नामुली जिवंत आहे की नाही, ते त्या फोनमध्ये होतं, आणि ते ऐकायचं म्हणजे जावयाचा आवाज पुन्हा कानात घ्यायचा, आता जाणूनबुजून.

युनिया फोनकडे बघत होती, साप बघावा तशी. एदिसाने तेवढ्यात औषध सुचवलं, कुठल्या पाल्याने कान धुवायचे ते. युनियाला ते ऐकूच गेलं नाही.

"सूनबाई," ती शेवटी म्हणाली. "क्वांजुलात त्याच्या बाजूने म्वोगेझी होता ना?"

"होता."

"आज माझ्या बाजूने तू हो. त्याचा आवाज तुझ्या कानात राहू दे. मला नुसतं बोलणं दे."

मी इअरफोन लावला. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, मग तिला सांगायचं. कधीतरी मीच तिला ते बटण शिकवलं होतं.

"म्हणतात, तुमची मुलगी जिवंत आहे. समोरच बसली आहे."

युनियाने डोळे मिटले. "पुढे."

"म्हणतात, बाबांच्या मातीनंतर तिला ताप आला. डोक्यात गेला. दवाखान्यात ठेवलं होतं. ताप उतरला..." पुढचं वाक्य मी ऐकलं आणि थांबवलं.

"उतरला ना? मग? बोल की गं!"

"ताप उतरला, पण कान गेले, आई. नामुलीला ऐकू येत नाही."

"कमी येतं?"

"काहीच येत नाही."

एदिसासारखी बाई, पण तिनेही कपाळावर हात मारून घेतला. मला आठवला तो वाजत राहणारा फोन. आम्ही इकडून पुन्हा पुन्हा लावायचो आणि चिडायचो. तो तिकडे तिच्या हातात थरथरत असेल आणि ती त्याच्याकडे नुसती बघत असेल.

"मला का नाही सांगितलं?" युनियाचा आवाज चढला. "विचार त्याला!"

"विचारता येत नाही, आई, हे आधीच बोलून ठेवलेलं..." मी बटण दाबलं आणि पुढचं ऐकलं. "सांगतात पण. म्हणतात, तिनेच शपथ घातली. आई नुकती विधवा झाली आहे, हे ऐकून ती उभी राहणार नाही. नंतर सांगू, नंतर सांगू म्हणत राहिली, आणि मग सांगायचीच भीती बसली. म्हणतात, मला तुमच्यासमोर तोंड उघडता येत नाही, म्हणून सगळ्या जगासमोर उघडलं. आता तुम्ही मला काय वाटेल ते बोला."

"काय वाटेल ते तर मी आधीच बोलले," युनिया पुटपुटली. "जीभ कापली म्हणाले मी त्याला."

"अजून आहे. म्हणतात, तिचे कान गेल्यावर घरात माझं बोलणं ऐकायला कुणी उरलं नाही. ती माझ्या ओठांकडे बघते, हळूहळू शिकतेय, पण दिवा मालवला की तेही नाही. म्हणून कपड्यांच्या कपाटात शिरून फोनशी बोलायला लागलो. वाटलं, कुठेतरी कुणीतरी ऐकेल."

ते कुणीतरी कोण होतं, हे तिघींनाही कळत होतं, आणि एदिसाने आयुष्यात पहिल्यांदा ते बोलून दाखवलं नाही.

मी पुन्हा बटण दाबलं आणि दचकले. कानात बाईचा आवाज होता. मोठा, सपाट, मध्येच वर जाणारा, मध्येच विरणारा. मी इअरफोनचं एक टोक काढलं. "आई, यापुढचं मी नाही सांगणार. हा त्याचा आवाज नाही."

ती मागे सरकली. मग तिला उमगलं. तिने कान पुढे केला आणि मी त्यात ते टोक बसवलं.

"आई," नामुली म्हणत होती. "मी मोठ्यानं बोलतेय का? मला कळत नाही. हे हाताने खूण करतायत, हळू म्हणून. तू बोललीस ते यांनी मला लिहून दिलं. बकरीचं वाचून मी इतकी हसले. जीभ आहे गं मला. तुझ्या चटईवरच बसलेय. तू रडू नकोस, मला ऐकू येणार नाही."

"हळू नको बोलू," युनिया फोनला म्हणाली. "मोठ्यानं बोल, पोरी. खूप मोठ्यानं बोल."

एरवी मी लगेच सांगितलं असतं, आई, तो ऐकत नाही. त्या दिवशी नाही सांगितलं.

तिने इअरफोन काढून माझ्या हातात दिला. मग उठली, तोंड धुतलं, घडी केलेली निळी गोमेसी नेसली आणि ओसरीवर ताठ बसली. "माझं तोंड काढ," म्हणाली.

"काय?"

"ते हलणारं चित्र असतं ना, ते. ती ओठ बघते म्हणालीस ना? मग माझे बघू दे."

"व्हिडिओ? पण आई, तो तिच्या साध्या फोनवर जात नाही, जावयांच्या फोनवर पाठवावा लागेल. तुमचं तोंड जावई बघतील."

"त्याला लिही. आधी डोळे मिट, मग फोन तिच्या हातात दे. आणि उघडलेस तर बघ म्हणावं."

"आणि तुमचा आवाज? तो जाईल ना त्यांच्या कानात."

"आवाज काढतंय कोण? तिला ऐकू येत नाही आणि त्याला ऐकवायचा नाही."

मी फोन धरला. माझी सासू, जी पडलेल्या दातापायी कधी फोटोला उभी राहिली नाही, तिने तोंडावरचा हात काढून मांडीवर ठेवला, सरळ फोनकडे पाहिलं आणि बोलायला लागली. ओठ हलत होते, सावकाश, एकेक शब्द घडवल्यासारखे, आणि आवाज मुळीच नव्हता. ती खूप वेळ बोलली. मला एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"तुला नव्हतं ते."

आम्ही दोघी फणसाखाली गेलो आणि ते पाठवलं. घरी जाऊन उत्तराची वाट बघू असं मी म्हणत होते, पण ती हलेना. बुंध्याला टेकून उभी राहिली, दोन्ही हात एकमेकांत धरून. थरथर होती की नाही, ते मला दिसू नये म्हणूनच धरले असणार. शेवटी फोन वाजला.

"काय आलं?" ती म्हणाली. "आवाज?"

"मेसेज, आई."

तिचा चेहरा पडला. मी वाचलं: "'हो आई. शनिवारी येते. आणि हे काय, तुझा पुढचा दात कधी पडला? बाबा असते तर किती चिडवलं असतं.'"

युनियाचा हात झटकन तोंडावर गेला.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"हा काही बकरीने लिहिलेला नाही," ती म्हणाली, आणि तोंडावरचा हात न काढता तिथेच फणसाखाली खाली बसली.